शेवटच्या दोन बाटल्या

माफी मागायला दोन शब्द पुरतात. ते दोन शब्द तेहतीस वर्षांत नवऱ्याच्या तोंडून निघाले नव्हते, आणि आज सिनेमाच्या दुपारच्या खेळाला यायलाही त्यांनी नकार दिला तेव्हा तिने हात टेकले. सकाळपासून सगळे उपाय करून झाले होते. गोड बोलून झालं, अबोला धरून झाला, दूर राहणाऱ्या लेकीला फोन लावून तिच्याकडून वदवून झालं. सगळे ज्यांना काचवाले म्हणत ते आपले एकाच वाक्याला चिकटून बसले होते. तू जाऊन ये, मला चौकटी द्यायच्या आहेत.

जणू चौकटी पाय फुटून पळून जाणार होत्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि दिवसाला चार गिऱ्हाइकं आली तरी गर्दी झाली म्हणायची. ती साडी बदलून बाहेर आली तेव्हा ते मान खाली घालून काच कापत होते. त्यांनी तिची पिशवी भरून ठेवली होती. तिकीट, चष्मा, पाण्याची बाटली, आणि थिएटरात गारठा असतो म्हणून स्वेटर. तिने ती पिशवी त्यांच्यादेखत टेबलावर उपडी केली, एकेक वस्तू तपासली आणि परत भरली. हे तिचं नेहमीचं होतं. काचवाल्यांनी बांधलेलं काहीही ती उघडून बघितल्याशिवाय घराबाहेर जाऊ देत नसे. लेकीचं शाळेचं दप्तर असो, प्रवासाची बॅग असो, नाहीतर डॉक्टरकडे न्यायचे कागद. उघडताना ती बोलत काहीच नसे आणि ते बघत काहीच नसत. दुकानातल्या चौकटी कागदात गुंडाळून दोरी बांधायचं काम तर तिने पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं होतं.

‘एकदा येऊन माझ्या भावासमोर उभे राहिला असतात तर काय झिजला असतात?’ ती दारातून म्हणाली. ‘तोही म्हातारा झाला, तुम्हीही झालात. कधी मागणार माफी, वर गेल्यावर?’

काचवाल्यांनी काच कापायची हिरकणी सरळ ओढली, काच टेबलाच्या कडेवर ठेवून हलकेच मोडली आणि ती रेघेवर तुटली का ते बघितलं. ती तणतणत बस थांब्याकडे गेली.

आता हे काचवाले नाव फोटोफ्रेममुळे पडलेलं नव्हे. ते त्याच्या आधीचं. सिनेमात मारामारी चालू असताना जी बाटली माणसाच्या डोक्यावर फुटते ती काचेची नसते, साखरेची असते. साखर आणि ग्लुकोज उकळायचं, रंग घालायचा, दोन भागांच्या साच्यात ओतायचं, साचा फिरवायचा, आतलं जास्तीचं परत ओतून घ्यायचं आणि घट्ट झालं की साचा उघडायचा. बाटली तयार. डोक्यावर आपटली की चुरा होतो आणि माणसाला साधा ओरखडाही उठत नाही. पण तिचे नखरे फार. आदल्या दिवशी करून ठेवली तर हवेने चिकट होते, म्हणून ज्या दिवशी मारामारी त्याच दिवशी पहाटे ओतायची. साच्यातून काढल्यावर तासभर तरी ती कोमट राहते, हातात धरली तर मांजराच्या पिल्लासारखी ऊब लागते. काचवाले साखर उकळत, ती साचा फिरवी. स्वयंपाकघरात कित्येक वर्षं दुसरा वासच नव्हता, आणि दोघांच्याही मनगटांवर पोळल्याचे डाग सारख्याच जागी होते.

साचा करायला मात्र खरी बाटली लागे. तिला ते नमुना म्हणत. नमुन्यांच्या बाटल्या भंगारवाल्याकडून येत, पाच असत, कधी आठ असत, कोण मोजतंय. त्या त्याच टेबलावर उभ्या असत जिथे साखरेच्या बाटल्या सुकायला ठेवलेल्या असत. खरी आणि खोटी शेजारी ठेवल्या तर बघणारा चाट पडे. काचवाल्यांना त्याचा अभिमान होता, तिलाही होता. पुढे त्याच अभिमानाने घात केला असं तिला वाटायचं.

तिचा धाकटा भाऊ फायटर होता. सिनेमात नायकाचा मार खाणारे जे दहा-वीस असतात त्यांतला एक. धंद्यात त्याला चेंडू म्हणत, कारण कुठूनही फेका, उसळून उभा राही. त्याला या धंद्यात आणला तो दाजींनीच. दाजींनी बनवलेली बाटली मेव्हण्याच्या डोक्यावर फुटायची आणि संध्याकाळी दोघं एकाच ताटात जेवायला बसायचे. भावाच्या केसांतून साखरेचे कण काढता काढता ती त्याला दाढी कर, लग्न कर म्हणून ऐकवायची.

आणि तो दिवस. नायक होता पोलाद. त्याचं खरं नाव आता त्याच्या घरच्यांनाही आठवत नसेल, लोकांनी ठेवलेलं पोलाद हेच नाव पाटीवर झळकायचं. दारूच्या अड्ड्यातल्या मारामारीसाठी बारा बाटल्यांची मागणी होती. लेक तापाने फणफणलेली, तिने रात्र उशाशी काढलेली. पहाटे डोळे चोळत तिने साचे फिरवले आणि तयार झालेल्या दहा बाटल्या तिनेच भुसा घालून खोक्यात भरल्या. दारात गाडीवाला हॉर्न वाजवत होता. शेवटच्या दोन काचवाल्यांनी ठेवल्या, खोक्याला दोरी आवळली आणि ते गेले.

संध्याकाळी ते एकटे परत आले. भाऊ दवाखान्यात होता, त्याचा डावा डोळा गेला होता. पोलादने मारलेली बाटली खरी निघाली होती. तिने काही विचारायच्या आतच काचवाले म्हणाले, ‘माझ्या हातून नमुना गेला. शेवटच्या दोनांत.’

खरं सांगायचं तर ते ऐकून एक क्षण तिला हायसं वाटलं होतं. दहा तिने भरल्या होत्या, पेंगुळल्या डोळ्यांनी, आणि बाटली खरी निघाल्याची बातमी दुपारी कानावर आल्यापासून ती त्या दहाच मनात मोजत होती. त्या हायसं वाटण्याची लाज वाटली म्हणून असेल, ती नवऱ्यावर दुप्पट तुटून पडली. ‘माझ्या भावाचा डोळा तुम्ही घेतलात,’ ती म्हणाली. तेव्हा म्हणाली ते म्हणाली, नंतरही वर्षानुवर्षं म्हणत राहिली, कधी तोंडाने, कधी पिशव्या उपड्या करून. आपल्या दहांचा विचार तिने पुन्हा कधी मनात येऊ दिला नाही.

काचवाल्यांकडून बाटल्या घेणं सगळ्यांनी बंद केलं. साचे माळ्यावर गेले, ते फोटोफ्रेमकडे वळले, आणि खोट्या काचेचा माणूस उरलेला जन्म खरी काच कापत बसला. भावाचं मात्र उलटं झालं. पोलादने त्याला सोडलं नाही. आपल्या पुढच्या एकोणीस सिनेमांत त्याने त्याला डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला खलनायकाचा उजवा हात केला. दोन डोळे होते तोवर ज्याचा चेहरा कुणी बघितला नव्हता, त्याला एका डोळ्यावर लोक रस्त्यात ओळखू लागले. दाजींच्या घराची पायरी त्याने पुन्हा चढली नाही. तीच दर पंधरा दिवसांनी डबा घेऊन त्याच्याकडे जाई. निघताना तो प्रत्येक वेळी म्हणे, ‘दाजींना सांग ताई, माझ्या मनात काही नाही.’ त्याच्या या मोठेपणाने तिला भरून येई, आणि घरी येऊन ती तो निरोप नवऱ्याच्या पुढ्यात आपटी.

आज पोलादला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून तोच सिनेमा धुऊनपुसून पुन्हा लागला होता. खेळानंतर खुद्द पोलाद आणि त्याच्याबरोबर तिचा भाऊ मंचावर येणार होते. तिने तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. आज पाहणार होती ते एकाच आशेने, की नवरा शेजारी बसेल, पडदा पडल्यावर भावापुढे जाईल आणि मरायच्या आधी हे एकदाचं मिटेल. शेजारची खुर्ची रिकामी राहणार हे ठरल्यावर ती नुसती रागाने आली होती.

खुर्ची रिकामी राहिली नाही. चाळिशीची एक बाई जागा मोकळी दिसताच मागच्या रांगेतून तिच्या शेजारी सरकली. तिच्या अंगात पोलादचं चित्र असलेला टी-शर्ट होता, हातात पंखा, पंख्यावरही पोलाद. ती दातांची डॉक्टर निघाली. दवाखाना बंद ठेवून आली होती. दिवसभर लोकांचे दात वाचवून कंटाळा येतो काकू, ती म्हणाली, इथे ते पडताना बघायला बरं वाटतं. मग तिने सांगितलं की ती सहावीत असल्यापासून हा सिनेमा बघते आहे. आताच्या सिनेमात माणूस विसाव्या मजल्यावरून पडतो आणि आपण खुशाल बिस्किट खात असतो, कारण तो कुठेही पडलेला नाही हे आपल्याला माहीत असतं. ह्यात सगळं खरं. ‘खरा मार, खरं रक्त,’ ती म्हणाली.

काचवालीने तिच्या पंख्यावरच्या पोलादकडे पाहिलं. आयुष्यातली उमेदीची वर्षं तिने तो मार खोटा करण्यात घातली होती. आमची बाटली खोटी होती म्हणून तुझा पोलाद इतकी माणसं झोपवू शकला, असं तिला म्हणावंसं वाटलं.

सिनेमा सुरू झाला आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण तो आवडायला लागला. पोलाद मारामारीआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवी, शांतपणे, दाढी करायला निघाल्यासारखा. त्या घड्याळावर हात गेला की थिएटर डोक्यावर घेतलं जाई. मग दहाजण दवाखान्यात नंबर लावल्यासारखे एकेक करून पुढे येत आणि आपापला मार घेऊन बाजूला पडत. सगळं बाळबोध होतं. पण पहिल्या दहा मिनिटांत कळत होतं की गुन्हा कुणी केलाय, आणि शेवटी तो त्याच्याच नरड्याशी येणार याची खात्री होती. बाहेरच्या जगात इतकं सरळ कुठे असतं. म्हातारे, कॉलेजातली पोरं, पोटाशी तान्हं घेतलेल्या बाया, सगळे त्यासाठी आले होते. तिच्याही मुठी वळल्या होत्या.

मग अड्डा आला. तिने आपल्या बाटल्या ओळखल्या. एक फुटली, दुसरी फुटली, तिसरी फुटली, चुरा पांढरट उडाला तसा साखरेचाच उडतो. मग चेंडू टेबलावरून उसळून आला, कोवळा, दाढी न केलेला, आणि पोलादच्या हातातली बाटली त्याच्या तोंडावर बसली. आवाज वेगळा होता. तो खाली गेला, हात डोळ्याशी, आणि बोटांतून रक्त. कॅमेरा हलला नव्हता. थिएटर उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, आणि सगळीकडून एकच ओरडा, पुन्हा, पुन्हा. वरच्या खोलीतल्या माणसाने सिनेमा मागे नेला आणि तो तुकडा पुन्हा दाखवला. मग तिसऱ्यांदा.

डॉक्टरीणबाई तिच्या कानाशी वाकली. ‘हे रक्त खरं आहे काकू.’

‘माहीत आहे. माझा भाऊ आहे तो.’

बाईने तिचा हात घट्ट धरला. डोळे पाणावले तिचे, आणि त्याच पाणावल्या डोळ्यांनी तिने काकूंबरोबर एक फोटो काढू का म्हणून विचारलं.

खेळ संपल्यावर दिवे लागले. पोलाद आला. केस काळेभोर, चेहरा मात्र केसांशी न जुळणारा. हातात काठी होती, पण ती टेकवत नव्हता, शान म्हणून फिरवत होता. मागून भाऊ आला, काळी पट्टी, पांढरी दाढी. लोकांनी त्याच्यासाठीही शिट्ट्या मारल्या. तिला अभिमान वाटला, आणि पुन्हा शेजारच्या जागेवरून नवऱ्याचा राग आला.

सूत्रसंचालकाने पहिल्याच झटक्यात बाटलीचं विचारलं. तो शॉट कसा घेतला? पोलाद हसला. इतकी वर्षं बोललो नाही, म्हणाला, पण आता पंचाहत्तरीत कोण मला तुरुंगात टाकणार. लोक हसले. मग तो रंगात आला. त्या दिवशी तीन बाटल्या फुटल्या, पण साखरेच्या बाटल्या त्या, बिस्किट मोडल्यासारखा आवाज. दिग्दर्शक म्हणाला आवाज नंतर घालू. ‘मी म्हटलं, आवाज घालशील, पण ह्याच्या चेहऱ्यावरची भीती कुठून घालशील?’ मेकअपच्या खोलीत त्याने स्वतः रिकामी केलेली बाटली होती, अगदी तसलीच. ती घेऊन आला, कुणाला कळू दिलं नाही. खांद्यावर मारणार होता. पण हा पडला चेंडू, उसळला आणि मध्ये आला. आणि खोक्यातली ती चौथी, खोटी बाटली, पोलाद म्हणाला, मी गाडीच्या सीटखाली लपवली होती. संध्याकाळी बघतो तर वितळून सीटला चिकटलेली. ड्रायव्हर आठवडाभर खरवडत होता.

थिएटर हसून लोळायचं बाकी राहिलं. डॉक्टरीणबाई हसता हसता थांबली आणि तिने काकूंकडे पाहिलं.

ध्वनिक्षेपक भावाकडे गेला. त्याने तो सराईतासारखा धरला. तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात आले, त्याने सांगितलं, माझ्या खाटेवर बसले आणि सगळं खरं खरं बोलले. म्हणाले, तुझा एक डोळा माझ्या हातून गेला, पण आता तुला सगळं जग बघेल. ‘आणि साहेबांनी शब्द पाळला,’ भाऊ म्हणाला. पोलादने त्याला मिठी मारली. लोक उभे राहिले, मागे कुणीतरी रडत होतं. तीच एकटी खाली बसून होती. तिच्या कानात एवढंच राहिलं होतं, तिसऱ्या दिवशी.

बाहेरच्या दालनात भाऊ गराड्यात होता. लोक त्याला पट्टी जरा वर करायला सांगत आणि तो करत होता. ती गर्दीत घुसली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला पोस्टरच्या आडोशाला ओढत नेलं.

‘तिसऱ्या दिवसापासून तुला माहीत होतं?’

‘ताई, आत्ता इथे नको.’

‘तेहतीस वर्षं मी त्या माणसाला बोल लावला. तू ऐकत होतास. माझ्या हातचं खात होतास आणि ऐकत होतास.’

त्याने पट्टी नीट केली. उरलेला डोळा तिच्याकडे बघत नव्हता. ‘मी दाजींचं नाव घेतलं का कुणापाशी? एकदा तरी? मी शुद्धीवर येण्याआधीच त्यांनी आपण होऊन कबूल केलं होतं. मग मी काय बोलणार? बोललो असतो तर साहेबांचं नाव गेलं असतं, आणि माझं पोट. आणि दाजींनी न केलेलं कबूल का केलं, ते तू त्यांनाच विचार ना.’

‘तू म्हणायचास, माझ्या मनात काही नाही.’

‘नव्हतंच,’ तो म्हणाला.

ते मात्र त्याने खरं सांगितलं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या मनात दाजींविषयी खरोखरच काही नव्हतं. आपण ज्याला मोठेपणा समजून डोळे पुसत होतो तो हा होता. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण त्या चेहऱ्यावर मारायला आता जागाच कुठे उरली होती. मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो फोटोला उभा राहायला गेला.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. घरी जाऊन काय म्हणायचं ते ती जुळवत होती. तुम्ही केलं नव्हतं, मी उगीच बोलले, माफ करा. दोन शब्द. सकाळी तिने हेच दोन शब्द नवऱ्याकडे मागितले होते. शिवाय एक गोष्ट तिला सलत होती. न केलेलं कबूल का केलं? घाबरून? चुकून? स्वतःचाही तसाच समज झाला असेल, घाईत होते, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तसंच असेल, असं तिने ठरवून टाकलं.

उन्हं अजून उतरली नव्हती. काचवाले दुकानातच होते, एका लग्नाच्या फोटोवर काच बसवत होते. झाला का सिनेमा, त्यांनी विचारलं. तिने पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. मेकअपची खोली, खांदा, सीटला चिकटलेली बाटली, तिसरा दिवस. भराभर सांगितलं, मधे थांबली असती तर रडली असती.

काचवाल्यांनी काच अर्धवट बसलेली तशीच सोडली. मग हळूच म्हणाले, ‘म्हणजे तू नव्हतीस.’

‘मी?’

‘दहा तू भरल्या होत्यास.’

‘पण तुम्हीच म्हणालात, शेवटच्या दोनांत...’

‘त्या कोमट होत्या गं,’ काचवाले म्हणाले. ‘साच्यातून काढल्या आणि तशाच खोक्यात ठेवल्या. हाताला ऊब लागत होती.’

ज्या बाईने हजारो बाटल्या ओतल्या तिला याहून जास्त सांगावं लागत नाही. नमुना कोमट नसतो, काच गार असते. आपल्या दोन बाटल्या साखरेच्याच होत्या हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग त्यांच्या हिशेबाने खरी बाटली उरलेल्या दहांतूनच गेली असणार. तिच्या दहांतून.

‘लेक आजारी होती,’ ते म्हणाले. ‘तुझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चूक कुणाचीही होते. पण डोळा तुझ्याच भावाचा. तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस. म्हणून दारात पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकलं.’

‘आणि माफी?’

‘ती तेवढी जमेना. तुझ्यासमोर खोटं बोललो ते बोललो. पण न केलेल्याची माफी, आणि ती त्याच्या तोंडावर... दोनदा निघालोही होतो त्याच्याकडे. कोपऱ्यावरून परत आलो.’

ती उठली, त्यांच्या पायाशी बसणार होती, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसत नव्हतं. उलट ते आत्ता कुठे थकल्यासारखे दिसत होते.

‘तू बोलायचीस ना,’ ते म्हणाले, ‘तेव्हा मला वाटायचं, बोलू दे. हिच्यासाठीच आहे हे. बाटल्यांचं काम गेलं, तो घरी येईनासा झाला, तरी वाटायचं, हिच्यासाठी आहे.’ त्यांनी अर्धवट काच पुन्हा हातात घेतली आणि खाली ठेवली. ‘ते त्या माणसाच्या हौसेसाठी होतं, होय?’

तिने तोंड उघडलं. बसमध्ये जुळवलेले दोन शब्द तिथेच होते, पण ते म्हणायला तिची जीभ उचलेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, ‘चहा ठेवते.’ तेही तिने केलं नाही, उभीच राहिली.

काचवाल्यांनी हात झाडले, चष्मा काढला आणि ते नेहमीप्रमाणे उद्या पोचवायच्या चौकटी दाराशी नेऊन ठेवू लागले. सहा पुडे होते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वर दोरी, दोरीला दुहेरी गाठ. सहाही काल तिने बांधलेले. ती बघत राहिली. तेहतीस वर्षांत असे किती पुडे तिने बांधले असतील आणि त्यांनी खांद्यावर मारून लोकांच्या घरी पोचवले असतील. एकदा हिच्या हातून खरी बाटली खोक्यात गेली आणि एका माणसाचा डोळा गेला, असं हा माणूस त्या प्रत्येक दिवशी धरून चालला होता. आणि तिने बांधलेला एकही पुडा त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता.